फुलं बघायची की गर्दी?

मार्च लागला की ओपीडी संपता संपता ओळखीचं एखादं जोडपं दारात येऊन उभं राहतं. साठीच्या पुढचं. आजारी नसतं, उलट खुशीत असतं. मुलगा किंवा मुलगी जपानला असते, तिकिटं आलेली असतात आणि दोघं साकुराचा, म्हणजे चेरीचा बहर बघायला निघालेले असतात. ‘डॉक्टर, औषधं किती दिवसांची बरोबर घेऊ?’ एवढंच त्यांना विचारायचं असतं. मी औषधं लिहून देतो आणि न विचारलेला एक सल्लाही देतो. सगळ्यांत प्रसिद्ध बागेत जाऊ नका, लेकराच्या घराजवळची शांत जागा शोधा. यावर दोघं एकमेकांकडे बघतात. एवढा खर्च करून जायचं आणि जे प्रसिद्ध तेच सोडायचं?

हा सल्ला मी पुस्तकातून घेतलेला नाही. काही वर्षांपूर्वी मार्चअखेर आम्ही दोघं लेकीकडे टोकियोला गेलो होतो. ती एदोगावा भागात, निशी-कासाई स्टेशनाजवळ राहते. आयटीतल्या भारतीयांची तिथे मोठी वस्ती आहे, भाजी घेताना मराठीही कानावर पडते. पहिल्याच रविवारी आम्ही उएनो पार्क गाठलं. बहर ऐन भरात होता आणि माणसंही. पुढच्याच्या पाठीला नाक लावून चालायचं, कोणी फोटोसाठी थांबलं की सगळी रांग थांबायची.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे. ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन निघताना तिने नाश्ता अर्धाच केला होता, ‘तिकडे जाऊन खाऊ’ म्हणून. स्वच्छतागृहापुढची रांग बघून पाणी पिणंही टाळलं. अडीच तासांनी ती बोलायची थांबली. गार वाऱ्यात तिच्या कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. काही विचारलं तर भलतंच उत्तर. मला वाटलं, गर्दीने कंटाळली. मुलगी म्हणाली, ‘बाबा, आईची शुगर तर उतरली नाही ना?’ तेव्हा माझी ट्यूब पेटली. ग्लुकोमीटर घरी, पिशवीत साखर नाही. जवळच्या मशीनमधून संत्र्याचा गोड रस काढून पाजला, पंधरा मिनिटांत ती भानावर आली. दरवर्षी इंटर्न मुलांना मी हीच लक्षणं घोकून घेतो आणि माझ्याच घरच्या माणसात ती मला दिसली नाहीत. मी फोटो काढत होतो.

लेकीच्या इमारतीतल्या एका आजींना हे कळलं. त्यांनी कागदावर छोटा नकाशा काढून दिला आणि सकाळी साडेसहाला निघा, असं सांगितलं. वीस मिनिटं चाललो आणि शिनकावा नावाच्या कालव्यावर पोहोचलो. एके काळी इथून मिठाच्या होड्या एदोला, म्हणजे जुन्या टोकियोला जात. आता दोन्ही काठांना साकुराची रांग आहे. कुत्रा फिरवणारे एक आजोबा आणि शाळेत निघालेली दोन मुलं, बाकी कोणी नाही. आम्ही बाकावर बसलो. पुढचे आठ दिवस रोज तिथेच गेलो. पहिल्या दिवशी भरगच्च असलेली फांदी हळूहळू विरळ होत, पाकळ्या पाण्यावर साचत, मागून कोवळी पानं येताना पाहिली. उएनोतलं मला आज फक्त धक्काबुक्कीचं आठवतं.

इतकी गर्दी एकाच वेळी का होते, त्याचं उत्तर झाडाच्या जन्मात आहे. जपानमध्ये सर्वांत जास्त लावलेला साकुरा ‘सोमेई योशिनो’ जातीचा. आपल्या हापूससारखी ही झाडं कलमाने वाढवतात, त्यामुळे ती जनुकीयदृष्ट्या एकसारखी असतात. हिवाळ्याच्या थंडीने कळीची झोप मोडते, मग उबेचा हिशेब पूर्ण झाला की एका भागातली सगळी झाडं जवळपास एकदमच फुलतात. पहिलं फूल ते शेवटची पाकळी, सगळा मामला साधारण दोन आठवड्यांचा. त्यातले शनिवार-रविवार दोन-तीन. मग सारं शहर त्याच बागांकडे लोटतं, वर जगभरचे पर्यटक.

क्योटोत या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. २०२१ मध्ये तिथे २६ मार्चलाच पूर्ण बहर आला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींतला तो सर्वांत लवकरचा होता. हवा तापतेय तशी तारीख अलीकडे सरकतेय, म्हणून सहा महिने आधी काढलेलं तिकीट हुकायचा धोकाही वाढतोय. बहर हुकू नये म्हणून माणसं आणखी धावपळ करतात आणि धावपळीत गोळी, जेवण, पाणी यांचं वेळापत्रक बिघडतं.

आता या सगळ्याचा प्रकृतीशी काय संबंध? थोडा आहे, पण वाढवून सांगायला नको. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द रूढ केला. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये ‘माझी तब्येत चांगली आहे’ म्हणणारे अधिक निघाले. हे दोन तास एका दमात काढले की वीस-वीस मिनिटांचे तुकडे केले, याने फरक पडला नाही. अर्थात ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडतात, असंही असू शकेल. झाडाखाली बसल्याने शुगर उतरते किंवा बीपीची गोळी सुटते, असं मी कोणालाही सांगणार नाही. पण वीस मिनिटांचे तुकडे घराजवळच जमतात. तीन गाड्या बदलून जायच्या बागेत ते रोज जमत नाहीत.

मग शांत जागा शोधायची कशी? जपानमध्ये साकुरा फक्त नावाजलेल्या बागांत नाही. नदी-कालव्यांचे बांध, शाळांची पटांगणं, लहान देवळं, जुन्या गृहसंकुलांची आवारं, सगळीकडे तो लावलेला आहे. म्हणून नकाशात आधी जवळचं पाणी शोधा आणि त्याच्या काठाने चाला. शेजारच्या वयस्क माणसांना विचारा, त्यांना ठाऊक असतं. सुटीचा दिवस टाळा, सकाळी आठच्या आत जा. जागा बदलता येत नसेल तर वेळ बदला. दुहेरी पाकळ्यांचा ‘याएझाकुरा’ आठवडा-दोन आठवडे उशिरा फुलतो, तोवर बरीचशी गर्दी परत गेलेली असते.

डॉक्टर म्हणून मी त्यात आणखी काही अटी घालतो. जागा घरापासून चालत जाता येण्याजोगी हवी. वाट सपाट, बसायला बाक, जवळ स्वच्छतागृह हवं. गोळी घेतली असेल तर पोटभर खाऊनच निघावं. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावं. घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी शुगर तपासून गरज पडल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवावी. दम्याच्या रुग्णांनी इनहेलर जवळ ठेवावा. त्या दिवसांत शिंका येतात त्या बहुतेक वेळा साकुराच्या नसतात, सुगी नावाच्या देवदारासारख्या वृक्षाच्या परागांच्या असतात. साकुराचे पराग कीटक वाहून नेतात, सुगीचे वारा. कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी मास्क लावावा. आणि हो, मुळांभोवतीची माती तुडवू नये, फोटोसाठी फांदी ओढू नये. शांत जागा आपण गेल्यावरही शांत राहिली पाहिजे.

मुलांनाही एक सांगणं आहे. आई-बाबांना दहा ठिकाणं दाखवायची हौस मी समजू शकतो. पण गुडघे दुखणारी आई ‘दमले’ म्हणत नाही, कारण लेकाने सुटी काढलेली असते. तिला एक बाक द्या आणि शेजारी बसा.

ही गोष्ट मला घरी परतल्यावर जास्त टोचली. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचा. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण मोजकेच होते, पण मुद्दा विसरता येत नाही.

आमच्या मेडिसिन वॉर्डाच्या खिडकीसमोर एक ताम्हण होता. एप्रिल-मेमध्ये जांभळा होऊन जायचा. राज्यपुष्प असूनही तो बघायला कधी कोणी तिकीट काढून आलं नाही. वॉर्डातले पेशंट मात्र कुशीवर वळून त्याच्याकडे बघत पडायचे. पार्किंगला जागा कमी पडली तेव्हा तो तोडायचा प्रस्ताव समितीपुढे आला. समितीत मी होतो. ना-हरकतीच्या कागदावर माझीही सही आहे. आज तिथे माझी गाडी उभी असते.

शिनकावाच्या बाकावर मला तो ताम्हण आठवला होता. परत आल्यावर कुंपणालगत दोन रोपं लावली, एक जगलं. त्याला फुलं येतील तेव्हा मी बहुधा निवृत्त झालेलो असेन. तोवर माझी गाडी मी दुसरीकडे लावू शकतो, आणि त्या जागेवर आणखी एक रोप बसतं का, ते येत्या बैठकीत विचारू शकतो. तुमच्या वाटेवरही एखादं झाड यंदा फुललं असेल. त्याच्या सावलीत गाडी लावण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा.