नावडती कोणाला? : लोककथेची प्रौढांसाठी प्रेमकथा करताना



लोकसाहित्याच्या घटकाला जोडून येणाऱ्या स्वाध्यायांत ‘एखादी पारंपरिक कथा आजच्या प्रौढ वाचकासाठी प्रेमकथा म्हणून पुन्हा लिहा’ या स्वरूपाचा प्रश्न तुम्हांला भेटेल. वरवर पाहता तो सोपा आहे. राजकन्येचे वय थोडे वाढवावे, राजपुत्राला बोलके करावे, मध्ये एक चांदणी रात्र घालावी आणि शेवटी लग्न लावून द्यावे, अशा रीतीने लिहिलेली उत्तरे मी गेली अनेक वर्षे वाचत आलो आहे. त्यांमागचे कष्ट दिसतात. परंतु कथा होती त्याहून लांब झाली, एवढेच त्यांतून हाती लागते. ती प्रौढ कशाने होते, याविषयी माझे एक मत आहे. ते तुम्हांला पटलेच पाहिजे असे नाही.

प्रथम एक समज दूर करू. परीकथा मुळात मुलांची होती आणि आता आपण तिला मोठ्यांची करीत आहोत, असे आपण धरून चालतो. इतिहास बहुधा उलटा आहे. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या नावाने आपण ओळखतो ती कथा फ्रान्समध्ये 1740 साली मादाम द विलनव यांनी मोठ्यांसाठीच लिहिली आणि ती चांगली कादंबरीएवढी लांब होती. तिच्यातला श्वापदरूपी पुरुष रोज रात्री नायिकेला एकच प्रश्न विचारतो आणि तो प्रश्न शय्येविषयीचा आहे. 1756 साली मादाम ल प्रँस द बोमाँ यांनी मुलींना वाचण्यासाठी ती कथा आटोपशीर केली, तेव्हा तोच प्रश्न लग्नाविषयीचा झाला. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यातली रापुन्झेल आपले कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागले, असे भाबडेपणाने विचारते. पुढच्या आवृत्त्यांत तिच्या तोंडचा तो प्रश्न काढून टाकला गेला.

आपल्याकडेही वेगळे नाही. सातवाहनांच्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणात, गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली असे परंपरा सांगते. ‘कथासरित्सागरा’तील आख्यायिकेनुसार राजाने त्या ग्रंथाची भाषा पाहूनच तो नाकारला. मग गुणाढ्य अरण्यात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. शेवटी जो भाग वाचला तो नरवाहनदत्ताच्या कथेचा, म्हणजे प्रेम आणि विवाह यांनी भरलेला. भाषेच्या अभ्यासकाला या आख्यायिकेत निराळीच वेदना ऐकू येते. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ करणाऱ्या आपल्या झाडीबोलीत सांगितलेली कथा ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला सारणारे राजे आजही पुष्कळ आहेत. पण हे विषयांतर झाले.

आता आपल्या घरातली कथा घेऊ. श्रावणी सोमवारी सांगितली जाणारी शिवामुठीची कहाणी तुमच्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. एका राजाला चार सुना. तिघी आवडत्या, चौथी नावडती. नावडतीला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र, राहायला गुरांचे बेडे आणि काम गुराख्याचे. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, व्रत सांगतात. पहिल्या सोमवारी ती महादेवाला तांदळाची मूठ वाहते, पुढे तीळ, मूग, जव. सासरा तिच्यासोबत रानात जातो, तेव्हा साधे देऊळ सुवर्णाचे होते. तो पागोटे खुंटीला ठेवून तळे पाहायला जातो आणि परततो तो वैभव नाहीसे झालेले. देव सुनेमुळे भेटला हे ओळखून तो तिला पालखीतून घरी आणतो. नावडती आवडती होते.

ही आपली सिंड्रेलाच आहे, असे तुम्ही म्हणाल. राखेच्या जागी गुरांचे शेण, परीच्या जागी नागकन्या, विसरलेल्या पादत्राणाच्या जागी विसरलेले पागोटे. साम्य मोहक आहे. परंतु एक पात्र शोधून पाहा. तिचा नवरा कोठे आहे? प्रचलित पाठात तो एक शब्दही बोलत नाही. नावडतीच्या मागण्यातसुद्धा सासूसासऱ्यांपासून आरंभ होतो, दीर, नणंदा, जावा येतात आणि नवरा यादीच्या शेवटी. तिला रानात शोधायला, पारखायला आणि सन्मानाने परत आणायला जातो तो सासरा. जिच्यात प्रियकरच नाही अशा कथेची प्रेमकथा कशी करणार?

येथे व्याकरण मदतीला येते. ‘आवडणे’ हे क्रियापद मराठीत विलक्षण आहे. ‘मला ती आवडते’ या वाक्यात जिला अनुभव येतो ती व्यक्ती चतुर्थीत असते आणि जी आवडते ती प्रथमेत. आता या क्रियापदापासून ‘आवडती’ हे विशेषण करा. चतुर्थी गळून पडली! आवडती कोणाला, नावडती कोणाला, हे सांगण्याची गरजच उरली नाही. ज्याची नावड आहे तो अदृश्य झाला आणि नावड ही त्या स्त्रीचा गुणधर्म असल्यासारखी तिच्या अंगाला चिकटली, जशी ‘गोरी’ किंवा ‘उंच’. आपल्या गावांतला ‘टाकलेली’ हा शब्द असाच आहे. कोणी टाकली, हे त्यात येत नाही. तो शब्द घेऊन जगणाऱ्या बाया तुमच्या माझ्या शेजारी राहतात, म्हणून हा प्रश्न मी निव्वळ व्याकरणाचा मानत नाही.

माझे मत असे की, लोककथा प्रौढ होते ती ही गळलेली चतुर्थी परत बसवल्याने. ‘नावडती कोणाला?’ हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड: ‘तिला कोण आवडते?’ कहाणीत ‘तिला’ हे रूप येते ते काही देण्यासाठी वा भेटण्यासाठी. तिला उष्टे दिले, तिला देवकन्या भेटल्या. तिला काय आवडते, हे कोणी विचारत नाही. विलनवबाईंचा श्वापद निदान रोज रात्री विचारतो, आणि नकार ऐकून निघून जातो. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) महाभारतातल्या उपाख्यानाची कादंबरी झाली, ती ययातीच्या भोगापुरती राहिली नाही, याचे एक कारण देवयानी आणि शर्मिष्ठा या दोघींनाही तेथे स्वतःच्या तोंडाने ‘मला’ म्हणता येते.

या दृष्टीने अमोल पालेकर यांचा ‘पहेली’ (2005) हा हिंदी चित्रपट अवश्य पाहा. विजयदान देथा यांनी राजस्थानी लोककथेवरून लिहिलेल्या ‘दुविधा’ या कथेवर तो आधारलेला आहे. त्याच कथेवर मणी कौल यांनी 1973 मध्ये चित्रपट केला होता. नवविवाहित व्यापारीपुत्र पत्नीला सोडून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. तिच्यावर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. घरादाराला ते फसवते, पण तिला मात्र सत्य सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. लग्न लावताना जो प्रश्न कोणी तिला विचारला नाही, तो एक भूत विचारते! माझ्या लेखी ही कथा त्या क्षणी प्रौढ होते; त्यानंतरचा शृंगार हे त्याचे फलित. पुढे खरा नवरा परततो आणि एक धनगर युक्तीने भुताला पाण्याच्या कातडी पिशवीत कोंडतो. देथांच्या कथेत भुताची सुटका नाही. पालेकरांच्या चित्रपटात मात्र भूत नवऱ्याच्याच देहात शिरते आणि नायिकेला प्रियकर आणि पती एकाच देहात लाभतात. प्रेक्षक समाधानाने घरी जातो. मलाही पहिल्यांदा बरे वाटले होते. नंतर वाटले की, तिच्यावरचा निवडीचा भार येथे परस्पर उतरवला गेला. जिने एकदा धाडसाने निवड केली, तिला दुसऱ्यांदा निवडायची वेळच येत नाही.

‘प्रौढांसाठी’ या शब्दाने काही विद्यार्थी बिचकतात, काही नको तितके उत्साही होतात. दोघांनीही झाडीपट्टी रंगभूमी आठवावी. दिवाळीनंतर शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके चालतात. सासू, सून, मांडीवर झोपलेले मूल, सारे एकाच मंडपात बसलेले असतात. त्या मंडपात संसार मोडतात, जुळतात, मधूनच लावणी होते. पण पहाटेच्या थंडीत बायांचा पदर डोळ्यांना लागतो तो टाकलेल्या बाईने रंगमंचावर नवऱ्याला जाब विचारला म्हणजे. तो जाब सर्वांसमोर विचारता येतो, आणि तरीही तो लहान मुलांचा विषय नसतो.

सिंदेवाही परिसरातल्या एका विद्यार्थिनीने काही वर्षांपूर्वी हीच शिवामुठीची कहाणी नव्याने लिहिली होती. राजाच्या जागी तिने मालगुजार घेतला, तळ्याच्या जागी मामा तलाव. रानातल्या वाघाविषयी तिला काही रचावे लागले नाही. मोहफुले वेचायला आणि तेंदूची पाने तोडायला जाणाऱ्या बाया येथे तो धोका पत्करूनच जातात. तिला प्रश्न पडला होता तो वेगळाच. उष्टे खाणाऱ्या बाईने पहिल्या सोमवारी वाहायला तांदूळ आणला कोठून? श्रावणात रोवणी चाललेली असते, घरोघरी जुना तांदूळ तळाला गेलेला असतो. अशा दिवसांत एक मूठ म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. तिच्या नायिकेने मागच्या कापणीनंतर बांधीत सरवा वेचून धान लपवून ठेवले होते. आणि सरवा दरवर्षीपेक्षा जास्त सापडला, कारण मालगुजाराचा धाकटा मुलगा, तिचा नवरा, बापाची नजर चुकवून लोंब्या मागे सोडीत होता. ही प्रेमकथा होती. त्यात चांदणी रात्र नव्हती.

शेवटी पालखी येते. नवरा प्रथमच तिच्याशी बोलतो आणि लोंब्यांचे गुपित सांगतो. ती विचारते, लोंब्या सोडायला तुझा हात झाला, मग बापाशी बोलायला तोंड का झाले नाही? त्याच्याजवळ उत्तर नसते. ती पालखी रिकामी परत पाठवते, आज बेड्यातच निजते, उद्या सांगते, असे म्हणते.

उत्तर तेथेच संपले होते. मी तिला चांगले गुण दिले. पण समासात लाल शाईने ‘शेवट अपूर्ण’ असा शेराही लिहिला. उत्तरपत्रिका कधीच परत गेली. तो शेरा मला आता खोडता येत नाही.