पुरे म्हणणारा

दारूविषयी पिणाऱ्यांनी लिहिले आहे, न पिणाऱ्यांनी त्याहून अधिक लिहिले आहे, आणि पिणाऱ्यांच्या बायकांनी न बोलता जे सोसले त्यावर मराठी रंगभूमीने एक अजरामर नाटक उभे केले आहे. या साऱ्या वाङ्मयात एका माणसाची साक्ष मात्र कोणी काढलेली दिसत नाही. तो म्हणजे ओतणारा. पेला भरून पुढे सरकविणारा हा माणूस रोज संध्याकाळी पाच-सहा तास शुद्धीवर उभा असतो आणि त्याच्यासमोरची माणसे एकेक करून शुद्धीच्या पलीकडे जात असतात. मनुष्यस्वभाव इतक्या जवळून पाहण्याची संधी आम्हां शिक्षकांनाही लाभत नाही.

डिचोली तालुक्यातील आमच्या शाळेपासून थोड्या अंतरावर असे एक तावेर्न आहे. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयास हवे, की तावेर्न म्हणजे आजकालचा झगमगाटी बार नव्हे. चार बाके, एक फळी, फळीमागे काचेच्या बरण्या, भिंतीवर कालनिर्णय आणि बाहेर उतरता पत्रा, एवढाच त्याचा पसारा. शब्द पोर्तुगीज, पेय काजूचे आणि गिऱ्हाईक गावचे. येथे पेल्याला ‘कोप’ म्हणतात. हाही मूळचा पोर्तुगीज शब्द. आमच्यासारख्या मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र ‘आणखी एक कोप’ हे शब्द कानी पडले की क्रोधाचीच आठवण होते, आणि अनुभव असा, की तिसऱ्या कोपानंतर दोन्ही अर्थ एकत्र नांदू लागतात.

या तावेर्नाचे मालक, ज्यांना सारा गाव ‘पात्रांव’ म्हणतो, ते मूळचे तारवटी. अठरा वर्षे त्यांनी प्रवासी जहाजांच्या बारमध्ये पेले भरले आणि नंतर वडिलांचे दुकान सांभाळावयास ते परतले. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर, दुकान रिकामे असते त्या वेळी, आम्ही त्यांच्याकडे लिंबू-सोडा घेत बसतो. सरकारी मुख्याध्यापकाने तावेर्नात बसावे काय, असा प्रश्न गावात एक-दोनदा निघाला होता. तो आमच्या पेल्यातील बुडबुडे पाहून मिटला.

भांडणाविषयी त्यांची मते ऐकण्यासारखी आहेत. ते म्हणतात, “मास्तर, ओरडणाऱ्याची मला भीती नाही. जो बोलता बोलता गप्प होतो, त्याच्याकडे मी पाहतो.” भांडण अनोळखी माणसांत क्वचितच होते, ते भावाभावांत होते, सोबत्यांत होते, एकाच बाकावर वीस वर्षे बसणाऱ्यांत होते. विषय बहुतेक ठरलेले : भाटाची वाटणी, पंचायतीची निवडणूक आणि फुटबॉल. पहिल्या दोहोंवर बोलणे निघाले की पात्रांव फळीमागून बाहेर येतात आणि सर्वांत आधी टेबलावरच्या रिकाम्या बाटल्या उचलतात. रिकामी बाटली हे तावेर्नातील एकमेव शस्त्र, असे ते म्हणतात. तापलेल्या माणसाच्या पाठीमागून जावयाचे नाही, त्याच्या खांद्याला हात लावावयाचा नाही. समोरून जाऊन नावाने हाक मारावयाची आणि घरची गोष्ट विचारावयाची. गाय व्याली काय, मुलगी कोणत्या इयत्तेत गेली. उत्तर देण्यासाठी माणसाला आपल्या घराची आठवण करावी लागते, आणि तेवढ्यात राग थोडा खाली बसतो. मग रस-आमलेटाची बशी येते. रिकामे पोट हा भांडणाचा सख्खा भाऊ, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

मार्च ते मे हे महिने त्यांना कठीण जातात. काजूच्या बोंडांचा रस भट्टीत पहिल्यांदा ओढला की हुर्राक होतो. तो पुन्हा ओढला की फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तिचा रुबाब वाढला. पण पात्रांवांना खरी धास्ती हुर्राकाची. फेणी तिखट, म्हणून माणूस तिला मान देतो. हुर्राक सौम्य, थंड, वर लिंबू आणि चिरलेली मिरची. उन्हातून आलेला माणूस तो पाण्यासारखा पितो आणि उठताना त्याला कळते, की पाय आपले नाहीत. फळीमागे खिळ्यांची एक पाटी आहे. हुर्राकाच्या दिवसांत संध्याकाळी त्या खिळ्यांवर स्कूटरच्या सात-आठ किल्ल्या टांगलेल्या असतात. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, हे त्यांना तोंडपाठ आहे. किल्ली मागताना मात्र ते कायद्याचे नाव काढीत नाहीत. “सकाळी चहाला या, किल्ली देतो,” एवढेच म्हणतात.

आता संगीताकडे वळू. कारण पात्रांवांचे खरे शस्त्र तेच आहे. त्यांच्याकडे एक जुने यंत्र आहे. त्याचे बटण फळीखाली आहे, आणि गिऱ्हाइकाने मोबाइल जोडून आपले गाणे लावावे हे त्यांना मान्य नाही. इतरत्र गलका वाढला की संगीत वाढवितात. हे उलट करतात. गलका वाढला की आवाज उतरवितात, इतका की गाणे ऐकावयाचे तर बोलणाऱ्याला थांबावे लागते. (हा उपाय आमच्या शाळेत आठवीच्या वर्गातही लागू पडतो. छडीहून बरा पडतो.) फ्रान्समध्ये काही अभ्यासकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता : संगीताचा आवाज ७२ डेसिबेलवरून ८८ वर नेला, तेव्हा बिअरचा पेला संपावयास लागणारा वेळ सुमारे साडेचौदा मिनिटांवरून साडेअकरांवर आला आणि पेल्यांची संख्या वाढली. आम्ही ही माहिती पात्रांवांना दिली. ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, “तीन मिनिटे. घरी जावे की नाही हे ठरवायला माणसाला तेवढीच लागतात.”

त्यांची आवड जुनी आहे. लोर्ना कोर्देरो यांचा आवाज आणि क्रिस पेरी यांचे संगीत हे त्यांचे पहिले प्रेम. मडगावला १९२८ मध्ये जन्मलेले आणि २००२ मध्ये निवर्तलेले पेरी तुतारी वाजवीत, बँड चालवीत. कोकणी गाण्याला त्यांनी जाझची लय दिली. लोर्नांनी मध्यंतरी दीर्घकाळ गाणे सोडले होते. १९९५ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर आल्या, तेव्हा पात्रांव भर समुद्रात होते. बहिणीने पाठविलेली कॅसेट त्यांना तीन महिन्यांनी एका बंदरात मिळाली. ती त्यांनी अजून जपून ठेवली आहे, जरी ती वाजत नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचेही नाव ते आदराने घेतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजविणारे, वाद्यमेळ बांधणारे आणि संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे हे गृहस्थ. शिष्याने गुरूचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाण्यात गुंफले, आणि पडद्यावर ते नाव मिरविणारा नायक निघाला दारूचा अड्डा चालविणारा! एका संगीतशिक्षकाचे नाव साऱ्या देशाला एका बारवाल्यामुळे पाठ झाले, याचा पात्रांवांना कोण आनंद. आम्ही शिक्षक असल्यामुळे आमचा आनंद थोडा कमी.

रात्री दुकान आवरावयाचे असले की ते मांडो लावतात. मांडो संथ, उदास, विरहाचा. परंपरेने मांडोनंतर दुलपद येते, जलद लयीचे, पाय थिरकविणारे. पात्रांव दुलपद लावीत नाहीत. “मांडोने माणूस उठतो, दुलपदाने तो पुन्हा बसतो,” हे त्यांचे निदान आम्हांला कोणत्याही संगीतशास्त्राच्या ग्रंथात आढळले नाही.

एका शनिवारी मात्र यंत्रातून बालगंधर्वांचा आवाज येत होता. एका वृद्ध गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून ती पदे त्यांनी मिळविली होती. ती ‘एकच प्याला’ तील, हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही त्यांना सांगितले, की हे नाटक दारूच्या सर्वनाशाचे, ते लिहिणारे गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि महिना भरण्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यास रंगभूमीवर आणले, पदे वि. सी. गुर्जरांनी रचली. पात्रांव पोट धरून हसले. दारूच्या दुकानात दारूच्या शत्रूचे गाणे! मग त्यांनी कथा विचारली. मानभंग झालेला वकील सुधाकर, त्याला पहिला प्याला देणारा तळीराम, तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ, पतिव्रता सिंधू आणि शेवटचा तो भीषण अंत, हे सारे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“तळीराम माझ्याकडे रोज येतो,” ते म्हणाले. “चेहरा वेगळा असतो, एवढेच. भांडण पिणाऱ्यामुळे होत नाही, मास्तर. जो दुसऱ्याला पाजतो त्याच्यामुळे होते. माणसाने पेला उपडा घातला की तो संपला. मग सोबती म्हणतो, याला माझ्यातर्फे आणखी एक. मी तो भरत नाही. उपड्या पेल्यावर दुसऱ्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा माझ्या बापाचा नियम.”

‘एकच प्याला’ वर आम्ही पदव्युत्तर परीक्षेत दहा पाने लिहिली होती. सुधाकराचा स्वभावदोष, सिंधूचा आदर्शवाद, भाषेचे ऐश्वर्य. परंतु तळीरामाचा हा व्यावहारिक बंदोबस्त आम्हांला कोणत्याही समीक्षकाने सांगितला नव्हता.

आमची आणि पात्रांवांची ओळख ज्या प्रसंगातून झाली तो येथे सांगितलाच पाहिजे. मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. पहिल्यांदा त्या २०१२ मध्ये थांबल्या होत्या. आमचा भाग खाणींचा. ट्रक दारात उभे राहिले आणि त्यांच्यावरचे चालक तावेर्नात. पात्रांव म्हणतात, की खाणी चालू होत्या तेव्हाची भांडणे पैशाच्या मस्तीची होती, मोठ्या आवाजाची. बंदीनंतरची भांडणे हलक्या आवाजात सुरू होत आणि लवकर हातघाईवर येत.

त्याच वर्षी एका सकाळी हे गृहस्थ शाळेत आले. कार्यालयात बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. “तुमच्या दहावीतला एक मुलगा रोज संध्याकाळी माझ्या दाराशी उभा राहतो. बाप आत असतो. काल बापाने त्याला बाटली आणायला पाठवले. मी दिली नाही. पण मास्तर, तो मला त्या दाराशी नको आहे.” आम्ही शिपायाला सांगून वाचनालय सायंकाळी साडेसातपर्यंत उघडे ठेवण्याची व्यवस्था केली. मुलगा तेथे बसू लागला. पात्रांवांनी आपल्या बाजूने त्याच्या बापाला दोन पेल्यांची मर्यादा घातली आणि उधारीच्या वहीतील त्याचे पान बंद केले.

बाप चिडला आणि हमरस्त्याच्या तिठ्यावरील दुसऱ्या दुकानात जाऊ लागला. तेथे मर्यादा नव्हती आणि किल्ल्यांची पाटीही नव्हती. गणेशचतुर्थीच्या आधी एका रात्री त्याची स्कूटर मोरीवर आदळली आणि पाय दोन ठिकाणी मोडला. दुसऱ्या दिवशी त्याचे भाऊ भांडावयास आले, ते पात्रांवांच्या दारात. ‘तुम्ही नाही म्हटले नसते तर तो चालत घरी आला असता,’ हा त्यांचा आरोप. तिठ्यावरच्या दुकानदाराला कोणी शब्दाने विचारले नाही.

त्या आरोपाला उत्तर आहे काय, असे पात्रांवांनी आम्हांला विचारले होते, आणि अधूनमधून अजूनही विचारतात. “मी नाही म्हणालो ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी? माझ्या दुकानात पडला नाही, एवढेच मी मिळवले काय?” नकार देणारा एकटा पडतो आणि ओतणारे अनेक असतात, तेव्हा नकाराचा भार त्याच्याच अंगावर येतो, हे आम्ही त्यांना सांगितले. ते त्यांना पटले नाही. आमच्या मते त्यांनी केले ते योग्यच केले, आणि मुलगा दाराशी उभा राहण्याचे थांबले, हे त्या वर्षातील लहान काम नव्हते. पण मोडलेल्या पायापुढे हे बोलणे तोकडे पडते, हेही खरेच.

मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, आयटीआयमध्ये गेला आणि आता वेर्णे येथे नोकरीला आहे. बाप लंगडत चालतो. दीड वर्षाने तो पुन्हा पात्रांवांच्याच तावेर्नात येऊ लागला. उधारीचे पान मात्र बंदच राहिले. तो यंत्राजवळच्या बाकावर बसतो आणि गाणे मागतो, नेहमी एकच : क्रिस पेरींनी बांधलेले आणि लोर्नांनी गायिलेले ‘बेबदो’. बेबदो म्हणजे दारुडा. हे गाणे दुकानात कोणी बेबदो नसेल तेव्हाच लावावयाचे, असा पात्रांवांचा आणखी एक नियम आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही छत्री मिटवून दाराशी उभे असताना त्याने ते पुन्हा मागितले. पात्रांवांनी त्याच्या पेल्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि मांडो लावला.