चहापुरत्या भगिनी

माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचा घोडबंदर रस्ता गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ओळखू न येण्याइतका पालटला. शेते गेली, टोलेजंग संकुले आली आणि त्यांच्या मागोमाग चकचकीत रुग्णालयेही आली. त्या संकुलांत धुणीभांडी करावयास पाड्यांतून व चाळींतून येणारी बाई मात्र आजार अंगावर काढते. का, हे तिला कोणी विचारीत नाही.

आम्हीही विचारले नव्हते, ही कबुली आधी द्यावयास हवी. धर्मग्रामाचे आरोग्य शिबिर ठरले तेव्हा समितीत सारे पुरुष, व्यासपीठावर डॉक्टर आणि आम्ही; भगिनींच्या वाट्याला चहा आणि सतरंज्या. वेळ ठेवली सकाळी दहाची. त्या वेळी कामकरी बाई परक्याच्या स्वयंपाकघरात असते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानी आले नाही. ‘बायकांना यातले काय कळते?’ असे विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे: आपणांस तरी काय कळले?

न विचारण्याची किंमत काय असते, हे गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८. सरकारी योजना तेव्हाही होत्या. परंतु त्यांच्या लेखी स्त्री म्हणजे कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट.

विचारल्याचे फळ पाहावयाचे असेल तर जामखेडला जावे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे काम आरंभिले आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. त्यांनी बाळंतपणे सुखरूप केली, बालमृत्यू घटविले आणि पुढे बाहेरून शिकावयास आलेल्यांनाही धडे दिले.

कोणी म्हणेल, आता ‘आशा’ आहेत. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून त्या घरोघर फिरतात, हे खरे. पण त्यांना स्वयंसेविका म्हणावयाचे, वेतनाऐवजी मानधनावर राबवावयाचे आणि योजना मात्र त्यांच्या माघारी आखावयाची, हा कुठला न्याय? राबण्यातला वाटा म्हणजे ठरविण्यातला वाटा नव्हे.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. धर्मग्रामाच्या आरोग्य समितीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात, आणि त्यांत घरकाम करणाऱ्या भगिनी असाव्यात. तपासणीची वेळ, जागा, स्त्री-डॉक्टरची गरज, पैशाचा विनियोग यांवर त्यांचा शब्द चालावा. बैठक त्यांच्या सवडीने व्हावी; आमची दुपारची झोप मोडली तरी चालेल.

बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या, वैद्यांपायी सारी पुंजी घालवून बसलेल्या स्त्रीची कथा आपण शुभवर्तमानात कितीदा ऐकतो! याईराची मुलगी मरणाच्या दारी होती, पाऊल उचलण्याची घाई होती. तरी प्रभू गर्दीत थांबला आणि त्या स्त्रीचे सारे बोलणे त्याने ऐकून घेतले. पुढील शिबिराची सूचना वेदीवरून वाचण्यापूर्वी आपणही तेवढे थांबू या.