वरणाचं दुसरं टोक

दिवाळीचे चार दिवस चकली-चिवडा झाला की पाचव्या दिवशी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आज नुसता वरणभात लावा." यंदाचं संपादकीय त्या वरणाबद्दल आहे. फराळावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा मराठवाड्यात, विदर्भात तूर फुलोऱ्यावर असेल. सोयाबीन निघालेलं, आणि रिकाम्या झालेल्या रानात तुरीच्या ओळी पिवळ्या झालेल्या. नेमक्या याच दिवसांत मोझांबिकची तूर आपल्या बंदरांत उतरत असते. विषुववृत्तापलीकडे ऋतू उलटे. तिकडे नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात, ऑगस्टच्या सुमारास काढतात, आणि आपला नवा माल येण्याआधीच्या टंचाईच्या महिन्यांत ती तूर इकडच्या डाळ गिरण्यांत पोचते. शेजारच्या मलावीत तुरीला 'नांदोलो' म्हणतात आणि चवीने खातात. मोझांबिकच्या नांपुला, झांबेझिया प्रांतांतला शेतकरी मात्र ती मुख्यतः विकायला पेरतो. त्याचं मोठं गिऱ्हाईक एकच, आपण.

२०१५ची दिवाळी आठवून पाहा. तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती. पुढच्या जुलैत भारत सरकारने मोझांबिकशी करार केला: चार वर्षांत डाळींचा व्यापार एक लाख टनांवरून दोन लाख टनांवर न्यायचा. तिथला शेतकरी जोमाने तुरीकडे वळला. पण त्याच खरिपात इथल्या शेतकऱ्यानेही चढा भाव पाहून तूर पेरली होती, हमीभाव बोनससह ५,०५० रुपये जाहीर झाला होता, आणि पाऊसही पावला. देशाचं पीक पंचवीस लाख टनांच्या आसपास होतं, ते अठ्ठेचाळीस लाखांपर्यंत गेलं. मग काय झालं हे लातूर-अकोल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. खरेदी केंद्रांपुढे रांगा, संपलेला बारदाना आणि हमीभावाच्या कितीतरी खाली गेलेला बाजार. सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली ती ५ ऑगस्ट २०१७ला. तोवर इथल्या बहुतेकांनी पडेल भावात माल विकून टाकला होता. बैल गेला नि झोपा केला, आणि तो झोपा नेमका मोझांबिकच्या सुगीच्या तोंडावर उभा राहिला. करारातली तूर या मर्यादेतून वगळली होती हे खरं. पण तिथला बाजार कोसळायचा तो कोसळलाच.

त्या ऑगस्टमध्ये कुणी विचारलं असतं तर मीही आयात थांबवा असंच म्हटलं असतं. आजही बहुधा म्हणेन. पण नांपुल्यातल्या कुणाच्या तरी पोत्यांचं काय झालं, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. आपल्याला तो सुचायला हवा होता, कारण त्या जागी आपण एकदा उभे होतो. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराचा हात सैल झाला. १८६५ला युद्ध संपलं, भाव पडले, उधारी आटली, कर्ज तेवढं राहिलं. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. सरकारने आयोग नेमला. आयोगाला सावकार दोषी दिसला. सरकारच्या शेतसाऱ्याकडे बोट गेलं नाही. चौकशी दख्खनेत झाली, लिव्हरपूलच्या कापूसबाजारात नाही. चौकशी ज्या टोकाला होते, गुन्हेगार त्याच टोकाला सापडतो.

म्हणून या व्यापाराची दोन्ही टोकं एकत्र बघणारी माणसं मला महत्त्वाची वाटतात. नेदरलँड्सच्या आर्यन हुकस्ट्रा यांनी २००२मध्ये मालाचा 'जलठसा', म्हणजे तो पिकवायला-बनवायला लागलेलं पाणी, मोजण्याची कल्पना मांडली. स्टॉकहोम पर्यावरण संस्था आणि ग्लोबल कॅनपी यांचा 'ट्रेस' हा प्रकल्प २०१६पासून ब्राझीलचं सोयाबीन, इंडोनेशियाचं पामतेल कुठल्या भागातून निघून कुठल्या देशात जातं ते सीमाशुल्काच्या कागदांवरून शोधत नेतो. युरोपातल्या विद्यापीठांत आता अशा अभ्यासासाठी रीतसर पदं निघतात. तो अभ्यास त्यांच्या कॉफी-कोकोपुरता राहिला, तर आपल्या वरणाचं काय? झांबेझियाच्या पावसावर वाढलेली तूर आपण आणतो, म्हणजे तिथला पाऊसच आणतो. २०१६च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथेच उसाला बोअरचं पाणी जातं. २०२१-२२मध्ये देशाने एकशे दहा लाख टनांच्या आसपास साखर बाहेर पाठवली. पाऊस आत, भूजल बाहेर! तूर तर मुळांतल्या गाठींतून जमिनीला नत्र देणारं पीक. मग मोझांबिकमध्ये ती थकलेलं रान सावरते आहे, की तिच्यासाठी नवं जंगल तुटतं आहे? भाव पडला त्या वर्षी तिथल्या घरातलं काय विकलं गेलं, कुणाची शाळा सुटली? हे दिल्लीत बसून कळणार नाही, आणि माझ्या टेबलाशी बसून तर नाहीच.

तेव्हा आमच्यातर्फे एक काल्पनिक जाहिरात. पाहिजे: एक संशोधक. एक वर्ष लातूरच्या औसा तालुक्यात, एक वर्ष नांपुल्यात. मराठी उत्तम हवी, अडत्याच्या गादीवर तासन् तास बसण्याची चिकाटी हवी, उपग्रहाची चित्रं वाचता यावीत, दोन्हीकडच्या बायकांशी बोलता यावं, कारण तुरीची मळणी-पाखडणी कुणाच्या हातून होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्तुगीज येणाऱ्यास प्राधान्य. गोवेकरांनी जरूर अर्ज करावा, १७५२पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत होता. पगार कोण देणार, हे मात्र संपादकांना विचारू नये. छापखान्याचं गेल्या दिवाळीचं बिल अजून द्यायचं आहे.