दोन स्तंभांतले गद्य

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आमच्या परिचयातील एक विद्यार्थिनी मध्यंतरी एक शोधनिबंध घेऊन आमच्याकडे आली. "सर, विषय तुमचा नाही, पण भाषा तेवढी बघा, आणि दीड पान कमी करून द्या," अशी तिची मागणी होती. परिषदेची मर्यादा सहा पानांची, निबंध झाला होता साडेसात पानांचा. विषय होता जमिनीतील ओल मोजून आपोआप पाणी सोडणाऱ्या यंत्रणेचा. साहित्याच्या अध्यापनात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यातले कितपत कळणार, या शंकेनेच आम्ही कागद हाती घेतले. दोन दुपारी त्या सहा पानांत घालवल्यावर मात्र आपण एका अपरिचित, परंतु पूर्ण विकसित झालेल्या वाङ्मयप्रकाराशी झुंजत आहोत, अशी आमची खात्री पटली. त्या प्रकाराविषयी, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या मराठी शोधनिबंधाविषयी, काही लिहावेसे वाटते.

प्रथम या प्रकाराचे बाह्यरूप पाहू. अभियंत्यांच्या परिषदांत सर्वाधिक प्रचलित असलेला साचा आयईईई या संस्थेचा आहे. पान दोन स्तंभांत विभागलेले, मजकूर टाइम्स न्यू रोमन या टंकात दहा पॉइंटचा, शीर्षक चोवीस पॉइंटचे. प्रकरणांना रोमन आकडे आणि उपप्रकरणांना अक्षरे. आकृतीचे नाव आकृतीखाली, तक्त्याचे नाव तक्त्याच्या वर. शीर्षकात आणि सारांशात चिन्हे, समीकरणे वा तळटिपा नकोत. संदर्भ चौकटी कंसातील क्रमांकाने द्यायचे आणि शेवटच्या सूचीत ते ज्या क्रमाने मजकुरात आले त्याच क्रमाने लावायचे. वर्णानुक्रमाला तेथे स्थान नाही.

हे सारे वाचताना साहित्याच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटते ते आम्हांला ठाऊक आहे, कारण ते आमच्याही चेहऱ्यावर उमटले होते. परंतु क्षणभर विचार करावा. वीस दशके आणि प्रत्येक दशकात दहा समास अशी रचना पत्करूनच समर्थांनी दासबोध सिद्ध केला. साडेतीन चरणांची ओवी हाही एक साचाच आहे. ठरलेल्या मापात आशय बसवण्याला कवितेत आपण साधना म्हणतो. तीच गोष्ट अभियंता करू लागला की तिला यांत्रिकपणा म्हणणे न्याय्य नाही.

या साच्यातली आम्हांला सर्वांत रंजक वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. लेखकाला जी नमुना-संचिका मिळते तिच्यातला मजकूर हाच मुळी लेखनाचे एक लहानसे व्याकरण असतो. 'डेटा' हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी आहे, दशांश चिन्हापूर्वी शून्य लिहावे, उच्चारात सारखे आणि अर्थाने भिन्न असे शब्द ओळखावेत, ऋणनिर्देशात 'आमच्यापैकी एक जण आभार मानतो' अशी अवघडलेली रचना टाळावी, असे उपदेश तेथे ओळीने येतात. शेवटी एक ताकीदही असते : हा नमुन्याचा मजकूर काढून टाकल्याशिवाय निबंध पाठवू नये. ज्या साच्याला आपण नुसती चौकट समजतो तिच्या आत कोणी शैलीचा शिक्षक बसून आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्या विद्यापीठीय जीवनात कोणत्याही चर्चासत्राच्या पत्रकात मराठी वाक्यरचनेविषयी एक ओळही आमच्या वाचनात आलेली नाही. टंकाचा आकार मात्र प्रत्येक पत्रकात असतो.

आता छाटणीविषयी. साडेसात पानांची सहा पाने करताना पहिला बळी गेला तो प्रस्तावनेतल्या पहिल्या परिच्छेदाचा. त्यात पाणी म्हणजे जीवन होते, आजचे विज्ञानयुग होते, कृषिप्रधान देश होता. हा परिच्छेद आम्हांला फारच ओळखीचा वाटला, कारण आमच्याकडे येणाऱ्या साहित्यविषयक निबंधांतही तो असतो. तेथे पाण्याऐवजी साहित्य हा समाजाचा आरसा असतो, इतकेच. दोन स्तंभांच्या पानावर या परिच्छेदाने पाऊण स्तंभ अडवला होता. तो काढल्यावर निबंधाचे काहीही बिघडले नाही.

दुसरा बळी विशेषणांचा. 'अत्यंत कार्यक्षम', 'क्रांतिकारक', 'शेतकऱ्यांसाठी वरदान' असे शब्द एकेक करून काढताना आम्ही सहज विचारले, "हे यंत्र तू कुठे चालवून पाहिलंस?" ती थोडी थांबून म्हणाली, "गच्चीवर. पाच कुंड्यांत." किती दिवस? तीन आठवडे. ही माहिती निबंधात होती, परंतु सातव्या पानावर, एका गौणवाक्यात. आम्ही तिला सुचवले की पाच कुंड्या आणि तीन आठवडे ही दोन्ही मापे सारांशातच घाल. तिला ते पटेना. "मग कोण घेईल हा पेपर?" असे तिचे म्हणणे होते. त्या प्रश्नात खोटेपणा मुळीच नव्हता. परीक्षकासमोर आपले काम लहान दिसू नये, ही कोणाही नवख्या लेखकाची स्वाभाविक भीती त्यात होती. शेवटी कुंड्या सारांशात आल्या आणि वरदान गेले.

या अनुभवावरून, साचा माणसाला प्रामाणिक बनवतो असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो, कारण इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. २००५ साली एमआयटीतील तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाची एक आज्ञावली लिहिली. संगणकशास्त्रीय शोधनिबंधासारखा दिसणारा, आलेख, तक्ते आणि संदर्भसूची यांसह संपूर्ण, परंतु सर्वस्वी निरर्थक मजकूर ती यदृच्छेने तयार करत असे. तिने लिहिलेला एक निबंध एका परिषदेने, परीक्षण न करता का होईना, स्वीकारला. विनोद म्हणून ही गोष्ट येथे संपायला हवी होती. ती संपली नाही. २०१४ साली, सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिल्यानंतर, स्प्रिंगर आणि आयईईई या दोन प्रकाशकांना मिळून असे एकशेवीसहून अधिक निबंध आपल्या संग्रहांतून काढावे लागले. साच्याच्या दृष्टीने ते निबंध बहुधा निर्दोषच असावेत. दोन स्तंभ होते, आकृतीचे नाव आकृतीखाली होते, कंस चौकटी होते. आत फक्त कोणी नव्हते.

अभियंत्यांची ही फजिती वाचून आपण साहित्यिकांनी हसावे अशीही स्थिती नाही. १९९६ साली ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने 'सोशल टेक्स्ट' या सांस्कृतिक समीक्षेच्या नियतकालिकात एक विडंबन-निबंध गंभीर म्हणून छापून आणला होता, हे आपल्या क्षेत्रात सर्वांना स्मरते. तेथे दोन स्तंभ नव्हते, परंतु साचा होताच : परिभाषेचा, उद्धृतांचा, प्रतिष्ठित नावांच्या उल्लेखाचा. दोन्ही घटनांचा अर्थ आमच्या मते एकच आहे. साचा असणे वा नसणे हा वादाचा विषय नव्हे. साचा हा वाचकाला दिलेला शब्द आहे. सारांशात निष्कर्ष सापडेल, संदर्भाच्या क्रमांकामागे खरे पुस्तक असेल, तक्त्यातील आकडे कोणीतरी मोजलेले असतील, असे तो सांगतो. तो शब्द पाळला गेला की नाही हे पाहायला मात्र वाचणारा माणूसच लागतो. २०२२ च्या अखेरीपासून चॅटजीपीटीसारखी साधने हाताशी आल्यावर तर निर्दोष साचा ही फुकट मिळणारी वस्तू झाली. अशा साधनाने लिहिलेला मजकूर वापरल्यास तसे ऋणनिर्देशात सांगावे, असा नियम आयईईईने केला आहे. नियम योग्य आहे, परंतु तोही पुन्हा शब्दच आहे.

आमच्या विद्यार्थिनीपुढे हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. तिने निबंध दोन ठिकाणी पाठवण्याचे ठरवले होते. एकाच वेळी दोन परिषदांना एकच निबंध देता येत नाही हे कळल्यावर तिने एक जागा निवडली. तेथून सहा आठवड्यांनी नकार आला. परीक्षकाने लिहिले होते, की प्रयोग फार लहान आहे, परंतु काय केले ते स्पष्ट सांगितलेले आहे, अधिक नमुने घेऊन पुन्हा पाठवावे. त्याच सुमारास दुसऱ्या एका परिषदेकडून, निबंध पाहण्याआधीच, शुल्क भरल्यास दोन दिवसांत स्वीकृती मिळेल असे पत्र आले. साचा दोन्हीकडे तोच होता. नोकरीच्या अर्जात दोन्ही नोंदी सारख्याच दिसल्या असत्या. तिने काय करावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नव्हता, आणि आम्ही सांगितलेही नाही. ती गच्चीवर कुंड्या वाढवते आहे एवढे कळले.

आणखी एका नियमाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अनेक परिषदांत परीक्षकाला लेखकाचे नाव कळू दिले जात नाही. त्यासाठी नाव आणि संस्था काढणे पुरेसे नसते. 'आम्ही यापूर्वी दाखवून दिल्याप्रमाणे' असे वाक्यही बदलावे लागते. तेथे आपल्याच जुन्या कामाविषयी 'त्यांनी दाखवून दिले आहे' असे तृतीयपुरुषी लिहायचे. निबंधभर 'आम्ही' मिरवणाऱ्या लेखकाला स्वतःकडे परक्यासारखे पाहायला लावणारा हा नियम आम्हांला फार आवडला. मराठी समीक्षेत काही काळ तो लागू करून पाहावा. कोणाचा गट, कोणाचा शिष्य, कोणत्या विद्यापीठाचा, हे न कळता निबंध वाचावा लागला तर आपल्या कित्येक मतांचे काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता आपल्या घराकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या कामाला गुणांक लावले, आणि चर्चासत्रातील निबंधालाही त्यात मोल आले. त्यानंतर मराठीच्या चर्चासत्रांचे ग्रंथ किती निघाले याची मोजदाद आमच्यापाशी नाही, परंतु आमच्या कपाटातला एक खण त्यांनी भरला आहे. त्यांपैकी एका ग्रंथात आमचाही निबंध आहे. त्यात 'र्‍हस्व' आणि 'दीर्घ' यांचा हिशेब राहिलेला नाही, आमच्या तळटिपा शेजारच्या निबंधाला लागल्या आहेत, आणि जोडाक्षरांच्या जागी काही ठिकाणी चौकोन छापले आहेत. मुद्रिते आम्हांला कोणी दाखवली नाहीत. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. चर्चासत्राच्या पत्रकात एका जुन्या, युनिकोडपूर्व टंकाची सक्ती होती आणि छापखान्यात दुसराच टंक होता.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. त्याच वर्षी फ्रान्स वेल्टहाऊस यांनी टेकसाठी देवनागरीची सोय केली. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली डोनाल्ड कनूथ या गणितज्ञाने निर्माण केली, आणि तिचा उगम आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. १९७७ साली आपल्याच ग्रंथाची मुद्रिते पाहून, ही इतकी कुरूप अक्षरे मी माझ्या पुस्तकात येऊ देणार नाही, अशा हट्टाने तो कामाला लागला. पुस्तक देखणे असावे ही तळमळ एका संगणकशास्त्रज्ञाची होती, आणि तिच्यासाठी त्याने आपली कित्येक वर्षे खर्च केली. तीस-पस्तीस वर्षे साधने हाताशी असूनही मराठीचे विद्वान जुन्या टंकात लिहितात, त्यामुळे त्यांचे निबंध शोधयंत्राला सापडत नाहीत. तामिळनाडूतल्या कोणा मुलीने कुंड्यांवर केलेला प्रयोग नाशिकच्या मुलीला बीजशब्दावरून क्षणात मिळतो. महानुभाव गद्यावरचा उत्तम निबंध मात्र शेजारच्या जिल्ह्यातील संशोधकाला मिळत नाही, आणि तो तेच काम पुन्हा करतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. अभिजात भाषेचे संशोधन शोधता येण्याजोगे असावे, ही अपेक्षा त्या आनंदात सामील व्हायला हवी.

म्हणून आमचे म्हणणे असे. मराठी शोधनिबंधाचा एक समाईक साचा विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकत्र बसून ठरवावा. तो अभियंत्यांकडून जसाच्या तसा उचलू नये, कारण दोन स्तंभांत कविता उद्धृत करता येत नाही आणि वर्णनाला विशेषण लागतेच. परंतु युनिकोड, दीडशे शब्दांचा खरा सारांश, बीजशब्द, संदर्भाची एकच पद्धत, आणि आठ-दहा पानांचे शुद्धलेखनाचे व शैलीचे टिपण, एवढे त्यात असावे. नावे कशी लिहायची हा वाद तर आपोआप मिटेल. आद्याक्षरे आधी आणि आडनाव नंतर ही आयईईईच्या सूचीतली पद्धत, 'वि. स. खांडेकर' आणि 'पु. ल. देशपांडे' लिहिणाऱ्या आपणांस परकी नाही. आणि ज्ञानेश्वरांना आडनाव कोणते लावायचे, हा प्रश्न तेवढा आपला आपण सोडवू.

या सूचनेवर एक आक्षेप येईल, की साच्याने साहित्याचा विचार आक्रसतो. तो आक्षेप आम्हांला मान्य आहे, परंतु एका अटीवर. आपल्या निबंधातल्या पाच कुंड्या कोणत्या, हे ज्याने सारांशात सांगितले आहे, त्यानेच तो घ्यावा. किती कविता वाचल्या, कोणत्या आवृत्तीतून वाचल्या आणि त्यांवरून किती मोठे विधान केले, हे सांगण्यासाठी दोन स्तंभ लागत नाहीत. समासाला पुरेशी जागा सोडलेले साधे पानही पुरते.