शाईंतील बुडबुडा व आपला उतावळेपणा

शाळेच्या कचेरींत, कोपऱ्यावरील दुकानांत आणि कित्येक घरांतहि हल्लीं जे इंकजेट प्रिंटर दिसतात, त्यांच्यासंबंधीं एक तक्रार सर्वत्र ऐकूं येते. टाकी शाईनें भरलेली असते, कागद चांगला असतो, आणि तरीहि छापलेल्या मजकुरांतून पांढऱ्या रेघा धांवत जातात. किंवा एखादा रंग अर्ध्या पानावरच नाहींसा होतो. अशा वेळीं यंत्राजवळ बसलेला मनुष्य सामान्यतः एकच उपाय करितो. तो साफसफाईची आज्ञा देतो. गुण आला नाहीं म्हणजे पुन्हां देतो. आणि तरीहि आला नाहीं म्हणजे यंत्र नादुरुस्त ठरवून मोकळा होतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, पुष्कळ प्रसंगीं यंत्र निर्दोष असतें. अपराधी असतो तो शाईंत शिरलेला हवेचा बुडबुडा. आणि त्याला घालवावयाचें तर कळ दाबण्यापेक्षां कळ काढणें अधिक उपयोगी पडतें.

हें पटण्यास यंत्राचें अंतरंग थोडें पाहिलें पाहिजे. इंकजेट प्रिंटर कागदाला स्पर्श न करतां त्यावर शाईचे थेंब फेंकतो. हे थेंब ज्या छिद्रांतून सुटतात, तीं माणसाच्या केसाहूनहि बारीक असतात. थेंब फेंकण्याच्या मुख्य रीती दोन. पहिल्या रीतींत छिद्रामागें पीझो जातीचा पदार्थ बसविलेला असतो. त्याला विजेचा झटका मिळतांच तो किंचित् वांकतो व त्याच्या दाबानें थेंब बाहेर पडतो. दाब आणि वीज यांच्या ह्या नात्याचा शोध क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं लाविला. दुसऱ्या रीतींत एक चिमुकली तापक पट्टी कांहीं मायक्रोसेकंदांत तापते, तिच्यावरील शाईची वाफ होऊन बुडबुडा फुगतो, आणि तो थेंबाला पुढें ढकलतो. जपानांतील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७७ सालीं सोल्डरिंगची तापलेली सळई शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली व शाई उडाली, त्यावरून तेथील संशोधकांस ही युक्ति सुचली.

येथें वाचक विचारील कीं, जें यंत्र बुडबुड्यावर चालतें, तें बुडबुड्यानें बंद कसें पडावें? याचें उत्तर असें कीं, वाफेचा बुडबुडा थंड होतांच शाईंत विरून जातो. हवेचा बुडबुडा तसा विरत नाहीं. शिवाय द्रव पदार्थ दाबला असतां जवळजवळ आकुंचन पावत नाहीं, म्हणून त्याला दिलेला धक्का छिद्रापर्यंत पोंचतो. हवा मात्र आकुंचन पावते. गादीवर मारलेली बुक्की जशी गादींतच जिरते, तसा तो धक्का बुडबुड्यांत जिरतो आणि थेंब आंतच राहतो.

ही हवा आंत शिरते कोठून? कांहीं वाटा उघड आहेत. शाईची पातळी खालच्या रेघेच्याहि खालीं जाईपर्यंत टाकी भरावयाची नाहीं, बाटली खळखळून लगेच उंचावरून शाई ओतावयाची, किंवा एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेतांना यंत्र तिरपें धरावयाचें, ह्या सर्व संवयी म्हणजे हवेला दिलेलीं आमंत्रणेंच होत. पण एक वाट गुप्त आहे. हवा शाईंत आधींच विरघळलेली असते. द्रवांत किती वायु विरघळेल हें त्यावरील दाबाच्या प्रमाणांत ठरतें, असा नियम विल्यम हेन्री यांनीं १८०३ सालीं मांडला. दाब कमी झाला किंवा उष्णता वाढली कीं विरघळलेला वायु बाहेर पडूं लागतो. पातेल्यांत पाणी तापत ठेविलें असतां उकळी फुटण्यापूर्वींच कडेला बारीक बुडबुडे जमतात, ते हेच. शाई आपोआप गळूं नये म्हणून प्रिंटरच्या मुखांत ती बाहेरच्या हवेहून किंचित् कमी दाबाखालीं ठेविलेली असते. त्यांत आपल्याकडील मे महिन्याचा उन्हाळा, बंद खोली, आणि सुटीभर न हललेलें यंत्र! मग जूनमध्यें शाळा उघडतांच पहिल्या पानावर पांढऱ्या रेघा दिसल्या, तर नवल कसलें?

परंतु उपाय योजण्यापूर्वीं रोगाची परीक्षा केली पाहिजे. प्रत्येक यंत्रास छिद्रांच्या तपासणीचा नमुना छापण्याची सोय असते. तो दोनतीनदां छापून शेजारीं शेजारीं ठेवावा. तुटलेल्या रेघा प्रत्येक वेळीं त्याच जागीं असतील, तर छिद्रांत शाई वाळली असण्याचा संभव अधिक. त्या जागा बदलत असतील, तर आंत हवा फिरत आहे असें समजावें. ही साधी परीक्षा न करतां उपाय करीत सुटणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

हवा आहे असें ठरलें म्हणजे काय करावें? एकदां, फार तर दोनतीनदां, साफसफाई करावी आणि प्रत्येक वेळीं नमुना पाहावा. एवढ्यानें भागलें नाहीं, तर यंत्र बंद करून रात्रभर स्वस्थ राहूं द्यावें. टाकीच्या कित्येक प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकेंत बारा तास थांबण्याची सूचनाच दिलेली असते. ह्या अवधींत मोठे बुडबुडे वर चढतात आणि अगदीं बारीक असलेले पुन्हां शाईंत विरघळतात. जे लोक कार्ट्रिज स्वतः भरतात, त्यांनीं शाई पिचकारींतून सावकाश सोडावी. पिचकारींत शाई घेतल्यावर तिचें तोंड घट्ट बंद करून दट्ट्या मागें ओढून धरला, तर आंतला दाब उतरतो व शाईंतील हवा बुडबुड्यांच्या रूपानें वर येते. मग तोंड वर करून ती हळूच काढून टाकावी. मोठ्या कारखान्यांतील छपाईयंत्रांतहि तत्त्व हेंच. तेथें शाई बारीक पोकळ तंतूंतून नेतात व तंतूंच्या बाहेर निर्वात ठेवून तींतील वायु ओढून घेतात.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. उद्यां सकाळीं परीक्षा आहे, प्रश्नपत्रिका आज छापून झाल्या पाहिजेत. तेथें बारा तासांच्या धीराचा उपदेश काय कामाचा? खरें आहे. ऐन वेळीं दुसऱ्या यंत्राचा आश्रय करण्यावांचून गत्यंतर नाहीं. पण त्या वेळींहि वारंवार साफसफाई करणें हा मार्ग नव्हेच. प्रत्येक साफसफाईंत चांगली शाई ओढून टाकाऊ शाईच्या पॅडमध्यें घातली जाते; तें पॅड भरलें म्हणजे तें बदलेपर्यंत यंत्र काम नाकारतें. शिवाय ओढण्यानें दाब कमी होतो, आणि एखादा सांधा सैल असला तर त्यांतून नवी हवा आंत येते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तशी गत होते. आक्षेपाचें खरें उत्तर एवढेंच कीं, परीक्षेच्या आदल्या दिवशीं नव्हे, तर आठवडाभर आधीं यंत्राची तपासणी करावी आणि सुटींतहि आठवड्यास एखादें रंगीत पान छापावें.

हा प्रश्न केवळ शाईचा नाहीं. शाळेचा पैसा म्हणजे पालकांनीं पोटाला चिमटा घेऊन दिलेली फी होय. ती पॅडमध्यें मुरूं देणें, आणि बुडबुड्याच्या अपराधासाठीं धडधाकट यंत्र भंगारांत घालणें, ह्यांत काटकसरहि नाहीं व विद्याहि नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम पाहिलें, स्वतः खटपट करून यंत्र उभारलें, शाईसुद्धां स्वतः सिद्ध केली, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें. त्यांना विकत घेतलेल्या यंत्राचा मालक होण्यापेक्षां कामाचा जाणता होण्याची हौस होती. आज यंत्र स्वस्त झालें, पण ती हौस मात्र महाग झाली आहे.

म्हणून आमची चालकांस विनंति आहे कीं, प्रत्येक शाळेंत प्रिंटरची जबाबदारी एका जाणत्या माणसाकडे असावी, आणि त्याच्या हाताखालीं वरच्या वर्गांतील दोनचार विद्यार्थ्यांस हें काम शिकण्याची मुभा असावी. हेन्रीचा नियम फळ्यावर पाठ करण्यापेक्षां पिचकारींतल्या शाईंत पाहिलेला अधिक काळ लक्षांत राहील. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पुढच्या खेपेस पानावर पांढरी रेघ दिसली, तर साफसफाईला हात घालण्यापूर्वीं ती रेघ कोठें आहे हें नीट पाहा, आणि दुसऱ्या पानावर ती तेथेंच राहते कीं सरकते, याची टिपणवहींत नोंद करा.