चौविहाराच्या नावावर बुडणारी गोळी



डॉक्टर कागदावर ‘रात्री झोपताना एक’ लिहितात आणि आपला सूर्यास्तानंतर चौविहार. मग कोलेस्टेरॉलची गोळी डब्यातच राहते. विचारलं की उत्तर तयार असतं: “गोळीसाठी नियम मोडू का?” मोडू नका. पण नियमावर खापरही फोडू नका.

ही रात्रीची वेळ आली कुठून? यकृत रात्री जास्त कोलेस्टेरॉल बनवतं आणि सिम्वास्टॅटिनसारख्या जुन्या गोळ्यांचा जोर काही तासांत ओसरतो, म्हणून त्या संध्याकाळी घ्यायच्या. आज बहुतेकींच्या कागदावर ॲटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन असतं. या दोन्ही शरीरात बराच वेळ टिकतात. दिवसा कधीही, जेवणाआधी वा नंतर घ्या, फक्त रोज एकच वेळ ठेवा. म्हणजे नवकारशी पारल्यावर उकाळलेल्या पाण्याबरोबर सुद्धा! “मी रात्री पाणी घेत नाही, सकाळी घेतली तर चालेल का?” एवढं डॉक्टरांना विचारायला जीभ का अडते?

दुसरी सबब तर मला जास्तच खुपते. “आपण अंडं-मांस खात नाही, कंदमूळही नाही, आपल्याला कसलं कोलेस्टेरॉल?” अहो, शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. पाळी गेल्यावर एलडीएल वाढतं, काही घरांत ते रक्तातूनच येतं. आणि साजूक तूप शाकाहारी असलं तरी एलडीएल वाढवतंच. (प्रभावनेच्या लाडवांबद्दल पुन्हा कधीतरी.)

गोळी करते काय? यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवते. आत तुटवडा पडला की यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. डोसानुसार एलडीएल 30 ते 50 टक्के, कधी त्याहूनही जास्त उतरतं. ट्रायग्लिसराइड थोडी कमी होतात, एचडीएल मात्र जेमतेम 5 ते 10 टक्के वाढतं, तेव्हा ते वाढलं नाही म्हणून गोळीला नावं ठेवू नका. डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण 6 टक्केच उतरतं, त्यामुळे “आज राहिली, उद्या दोन घेते” हा हिशेब फुकट. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणून. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथे परत.

बुरशीचा मेसेजही फिरतोय, की ही औषधं अनंतकायापासून बनतात. पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंदो यांना 1970च्या दशकात बुरशीत सापडलं, हे खरं. पण वरच्या दोन्ही गोळ्या रासायनिक पद्धतीने बनतात. जिलेटिनच्या कॅप्सूलची शंका मात्र रास्त आहे. तिथे कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागून घ्या.

अठ्ठाईत काय करायचं, हे उपवास सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा, विशेषतः हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल तर. पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेला आहे, त्याबद्दल महाराजसाहेबांशी बोला. अंग दुखायला लागलं तर तेही डॉक्टरांनाच सांगा, शेजारणीच्या सल्ल्याने गोळी सोडू नका.

एक गंमत बघा. नवऱ्याची गोळी चुकत नाही, सासूबाईंची तर नाहीच. दोन्ही आपणच सूर्यास्ताआधी पाण्याच्या पेल्यासकट समोर नेऊन ठेवतो. तिसरी त्याच डब्यात असते.